किती द्यायचे, कोणाला आणि कसे: ख्रिस्ती दातृत्वाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘जिथे तुमचे धन आहे तिथे तुमचे मनही लागेल’ हे येशूचे वचन (मत्तय ६:२१) पुष्कळांना पाठ असते, पण त्यातला क्रम लक्षात राहत नाही. धन आधी जाते, मन त्याच्या मागून येते. आपण उलटे धरून बसतो: आधी आतून उमाळा येऊ दे, मग देऊ. महिनाअखेरीला खाते रिकामे होत आलेले असताना असा उमाळा सहसा कोणाला येत नाही. म्हणून दातृत्वाची सुरुवात भावनेची वाट न पाहता हिशेबाच्या वहीपासून करावी. नुकतेच विश्वासात आलेले, आणि वर्षानुवर्षे मंडळीत (चर्चमध्ये) असूनही दानपेटी समोर आली की हाताला लागेल ती नोट टाकणारे, अशा दोघांनाही पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

दिल्याने जीवन समृद्ध होते असे म्हणतात. पायऱ्यांकडे वळण्याआधी त्या ‘समृद्ध’बद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो राहिला तर पुढचे सगळे वाकडे जाते.

‘समृद्ध’ म्हणजे काय नव्हे

दिलेल्या पैशाच्या दसपट पैसा परत येतो, असे शिकवणारे उपदेशक सगळीकडे भेटतात. त्यांची दोन आवडती वचने आहेत. पहिले लूक ६:३८, ‘द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल.’ या वचनाच्या आधीची ओळ वाचा. तिथे दोष लावू नका, क्षमा करा असे म्हटले आहे. लोकांना ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हांला मोजले जाईल, हा तिथला विषय. व्याजाचा दर हा विषय नव्हे. दुसरे वचन मलाखी ३:१०, ‘सगळा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा.’ त्यामागची परिस्थिती नहेम्या १३:१० मध्ये दिसते. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाच्या लोकांना, त्यांचा वाटा मिळेनासा झाला होता आणि मंदिराची सेवा सोडून ते आपापल्या शेतांवर निघून गेले होते. मलाखीची तक्रार या पोटावर आलेल्या गोष्टीबद्दल आहे. नहेम्याने त्यावर केलेला उपायही पाहण्यासारखा आहे: त्याने विश्वासू माणसे भांडारावर नेमली आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे दिले.

प्रेषित पौल ज्या मासेदोनियातल्या मंडळ्यांचे कौतुक करतो (२ करिंथ ८:१-५) त्या ‘कमालीच्या दारिद्र्यात’ असताना देत होत्या. दिल्यावर त्या श्रीमंत झाल्या असे पौल कुठेही लिहीत नाही. त्यांचा आनंद मोठा होता, एवढेच तो सांगतो.

मग देणाऱ्याच्या पदरात काय पडते? पैशाची भीती कमी होते, हे पहिले. हातचे थोडे गेले तरी घर चालते, हे एकदा अनुभवले की ‘उद्या काय’ हा प्रश्न रात्री उठवत नाही. दुसरे, माणसे दिसू लागतात. ज्या घरासाठी तुम्ही दर महिन्याला काही बाजूला ठेवता त्या घरातले आजारपण तुम्हांला आपोआप आठवते. तिसरे, नाते जुळते: ज्यांना मिळते ते देवाचे आभार मानतात आणि देणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात (२ करिंथ ९:१२-१४). हे फळ वहीच्या रकान्यात मावत नाही, पण ते वहीतूनच उगवते.

पहिली पायरी: एक महिना फक्त लिहा

देण्याचा आकडा ठरवण्याआधी एक पूर्ण महिना आलेले आणि गेलेले सगळे लिहून काढा. चार रकाने पुरे: घर चालवण्याचा खर्च, कर्जाचे हप्ते, बचत आणि ‘इतर’. या महिन्यात देण्यात काही बदल करू नका, नुसते लिहा. किरकोळ खर्च त्याच दिवशी लिहावा. आठवड्याने लिहायला बसलात तर निम्मा विसरलेला असतो.

महिन्याच्या शेवटी बहुतेकांना साधारण असे चित्र दिसते. उत्पन्न १०० धरले तर घर ६०, हप्ते २०, बचत १०, आणि उरलेले १० कुठे गेले ते नीट सांगता येत नाही. ‘माझ्याकडे द्यायला काही नाही’ असे म्हणणाऱ्याचे दान बहुधा या शेवटच्या दहांत दडलेले असते. काहींच्या वहीत मात्र खरोखरच काही उरत नाही. त्यांनी खाली कर्जाबद्दल आणि वेळ देण्याबद्दल लिहिले आहे ते आधी वाचावे.

लग्न झालेले असेल तर ही वही दोघांनी मिळून भरावी. जोडीदाराला न सांगता दिलेले दान घरात भांडणाचे बी पेरते आणि दोष शेवटी देवावर जातो. जोडीदार विश्वासात नसेल तर समाईक पैशाला हात न लावता स्वतःच्या हातखर्चातून द्या आणि तेही उघडपणे. पुष्कळ घरांत एक साधा नियम कामी येतो: अमुक रकमेपर्यंत कोणीही परस्पर द्यावे, त्यापुढे एकमेकांना विचारावे.

दुसरी पायरी: आकडा ठरवा

नव्या माणसाचा पहिला प्रश्न दशमांशाचाच असतो. अब्राहामाने याजक-राजा मलकीसदेकाला दहावा भाग दिला (उत्पत्ती १४:२०), तो मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीचा. नियमशास्त्रात लेव्यांसाठी दशमांश आहे (गणना १८:२१), सणाच्या वेळी देवासमोर कुटुंबासह खाण्याचा आहे आणि दर तिसऱ्या वर्षी उपरे, अनाथ व विधवा यांच्यासाठी गावातच साठवून ठेवण्याचा आहे (अनुवाद १४:२२-२९). हे वेगवेगळे दशमांश धरायचे की एकाच दशमांशाचे वेगवेगळे उपयोग, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वेगवेगळे धरले तर बेरीज वीस टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय शेताचे कोपरे न कापता गरिबांसाठी सोडायचे (लेवीय १९:९), ते निराळेच.

नव्या करारात मंडळीसाठी ठरावीक टक्का सांगितलेला नाही. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देणाऱ्या परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) येशूने त्याबद्दल नव्हे, तर न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल झापले (मत्तय २३:२३). जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत केले. गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) टाकल्या, आणि तेवढीच तिची सगळी पुंजी होती. टक्क्यांचा नियम शोधणाऱ्याला ही माणसे एका रांगेत बसवता येत नाहीत.

आमचा सल्ला असा: दहा टक्के हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा, पण पहिल्याच महिन्यात तिथे उडी मारू नका. सवय नसलेल्याने हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या ३ ते ५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि दरवर्षी, किंवा पगार वाढेल तेव्हा, एकेक टक्का वाढवावा. एकदम दहावर गेलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उसनवारीवर येतो, मग सगळेच बंद करतो आणि वर अपराधी भावना घेऊन बसतो. जे आधीच दहा देतात आणि ज्यांची मिळकत भरपूर आहे त्यांनी मात्र दहावर थांबू नये. त्यांच्यासाठी दहा टक्के म्हणजे स्वस्तात सुटका होऊ शकते.

पगार वाढला की काय करावे, यावर मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने १८व्या शतकात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचे उदाहरण दिले आहे. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा त्याने २८ मध्ये भागवून २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी खर्च २८च ठेवला आणि ३२ दिले. पुढे ९० आणि १२० झाले तेव्हाही २८. संसार असलेल्याला हे जसेच्या तसे जमणार नाही, पण त्यातली युक्ती सर्वांच्या कामाची आहे: वाढ हातात पडण्याआधीच तिचा एक हिस्सा ठरवून टाका. राहणीमान एकदा वाढले की मागे घेणे महाकठीण.

कर कापण्याआधीच्या रकमेवर टक्का धरायचा की नंतरच्या? यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. कोणतीही एक पद्धत धरा आणि तिच्यावर राहा. धंदा करणाऱ्यांनी मात्र विक्रीवर टक्का काढू नये. मालाचा आणि कामगारांचा खर्च वजा जाता जे उरते ते उत्पन्न. ज्यांची आवक अनियमित आहे त्यांनी महिन्याचा आकडा न ठरवता, पैसे ज्या दिवशी येतील त्याच दिवशी त्यातला टक्का काढावा.

कर्ज असेल तर दान देण्यासाठी नवे कर्ज काढू नका आणि थकलेला हप्ता आणखी थकवू नका. दुसऱ्याचे देणे बुडवून केलेले दान हे त्या दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान असते. तरीही पूर्ण थांबण्यापेक्षा एक टक्का चालू ठेवावा, म्हणजे सवय मोडत नाही.

तिसरी पायरी: आधी बाजूला काढा

पौलाने करिंथकरांना दिलेली सूचना हिशेबनिसाला शोभेल अशी आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गणी गोळा करत बसावे लागणार नाही (१ करिंथ १६:२). ठरलेला दिवस, प्रत्येक जण, मिळकतीच्या प्रमाणात, आणि कोणी मागायला येण्याआधी. पौल समोर उभा राहून डोळ्यांत पाणी आणणारे भाषण करील आणि लोक भारावून देतील, हे त्याला टाळायचे होते.

आजच्या काळात करायचे ते असे. उत्पन्न येईल त्याच दिवशी ठरलेला टक्का वेगळ्या खात्यात वळवा. बँकेतून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला आपोआप रक्कम वळवण्याची सोय असेल तर ती पगाराच्या दुसऱ्या दिवशीची लावा. पंधरा दिवसांनंतरची लावलीत तर तोवर खात्यात काय राहील याचा भरवसा नाही. रोखीने व्यवहार करत असाल तर एक लिफाफा पुरेसा आहे. त्यावर ‘दान’ असे लिहा आणि तो घरखर्चाच्या पैशांपासून लांब ठेवा. या लिफाफ्यातून उसने घ्यायचे नाही, अगदी दोन दिवसांसाठीही नाही. लिफाफे कसे रिकामे होतात ते विचाराल तर बहुतेक वेळा असेच.

स्वयंचलित सोयीत एक खोट आहे: सहा महिन्यांत आपण काही देतो आहोत हेच विसरायला होते. म्हणून रक्कम वळवली जाण्याच्या दिवशी दोन मिनिटे ज्यांच्याकडे ती जाते त्यांची नावे घेऊन प्रार्थना करा. मुले असतील तर त्यांनाही सोबत घ्या.

चौथी पायरी: वाटण्या

शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याने वाटेकरी करून घ्यावे (गलती ६:६), आणि सर्वांचे बरे करावे, विशेषतः विश्वासाच्या घराण्याचे (गलती ६:१०). यावरून एक साधी विभागणी निघते. देण्याचे १० भाग धरले तर ५ मंडळीसाठी, ३ ओळखीतल्या गरजू माणसांसाठी, १ लांबच्या कामासाठी (आपत्ती, सुवार्ता, अनोळखी प्रदेशातले दवाखाने) आणि १ हाताशी राखून. तीन टक्क्यांनी सुरुवात करणाऱ्याने इतके तुकडे पाडू नयेत. मंडळी आणि एक गरजू घर, एवढे पुरे.

राखून ठेवलेल्या भागाला हलके समजू नका. अचानक कोणी दारात उभे राहते तेव्हा ‘या महिन्यात जमणार नाही’ असे म्हणावे लागू नये म्हणून तो असतो. वर्षअखेरीस तो उरला तर पुढे ओढू नका, देऊन टाका.

पाचवी पायरी: माणसाच्या हातात देताना

संस्थेला देणे सोपे असते. समोरच्या माणसाला देताना चुका होतात आणि त्या दुखावणाऱ्या असतात, म्हणून इथे थोडे थांबू.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०:३३-३५) दात्याच्या नजरेने पुन्हा वाचा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाजवळ तो गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, म्हणजे जवळ होते ते वापरले. त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले. तेव्हा स्वतः पायीच चालला असणार. उतारशाळेत रात्रभर सांभाळ केला. दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाला दिली आणि ‘अधिक खर्च झाला तर परत येताना देईन’ असे सांगितले. मग आपल्या कामाला निघून गेला. तातडीची मदत, पुढची सोय, परत येण्याचा शब्द आणि मदतीला मर्यादा, असे सगळे त्यात आहे. आपण बहुधा दोन दीनारांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

मदत विचारण्याची भाषा नेमकी हवी. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कोणीही सांगत नाही, कारण मागण्याचे ओझे त्यांच्यावरच राहते. त्याऐवजी ‘शनिवारी तुम्हांला दवाखान्यात घेऊन जाऊ का?’ किंवा ‘या महिन्याची औषधं मी आणली तर चालेल का?’ असे विचारा. हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न असला की समोरच्याची मान खाली जात नाही. नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

रोख द्यावे की वस्तू? मोठ्या माणसाला सहसा रोख द्यावे. घरात नेमके काय हवे ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळते. व्यसन असेल, किंवा घरातला कोणी पैसे हिसकावून घेत असेल, तर शाळेची फी शाळेत आणि औषधाचे बिल दुकानात परस्पर भरा. संशयाला काही आधार नसताना पावत्या मागत बसू नका.

वस्तू देताना दावीद राजाचे उत्तर आठवा: अरवनाने खळे आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा ज्याला काही मोल पडले नाही असे अर्पण मी करणार नाही, असे म्हणून त्याने ५० शेकेल रुपे मोजले (२ शमुवेल २४:२४). कपडे धुतलेले असावेत, बटणे आणि चेन तपासलेली असावी. औषधे आणि डबाबंद पदार्थ यांची मुदत पाहावी. यंत्र चालते का ते स्वतः लावून पाहावे. ज्याची विल्हेवाट लावायची ते गरिबाच्या दारात नेणे याला दान म्हणत नाहीत.

उसने देण्याबाबत एक पक्का नियम ठेवा: जी रक्कम परत आली नाही तरी घर चालेल, तेवढीच द्या. येशूने परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला सांगितले आहे (लूक ६:३५). देण्याआधी मनाशी ठरवा, हे दान आहे की उसने. दान असेल तर ‘परत करायचं नाही’ असे स्पष्ट बोला. उसने असेल तर रक्कम आणि तारीख दोघांनी लिहून ठेवा. काहीच न बोलता दिलेल्या पैशाने जितकी मैत्री तुटली आहे तितकी स्पष्ट नकाराने तुटत नाही.

फोटो काढू नका. मंडळीच्या समूहात नाव टाकू नका. साक्ष देतानाही त्या घराची ओळख पटेल असे तपशील सांगू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय ६:३) या वचनाचा आजचा अर्थ बराचसा हाच आहे.

आणि किती दिवस? अपघात, आजार, नोकरी जाणे अशा वेळी ताबडतोब द्या, चौकशी नंतर. मदत तीन महिन्यांच्या पुढे जाऊ लागली तर एकत्र बसून बोला: पुढे काय करता येईल, कोणते काम, कोणते शिक्षण, आणखी कोण हातभार लावू शकेल. पहिल्या मंडळीनेही डोळे झाकून वाटप केले नाही. विधवांची यादी करताना आधी घरच्यांनी सांभाळावे, मग मंडळीने, आणि यादीत नाव यायला वय साठपेक्षा कमी नसावे, अशा अटी १ तीमथ्य ५ मध्ये आहेत. काही जणांची मदत मात्र कायमची असते. म्हातारपण, अपंगत्व, दीर्घ आजार यांत ‘स्वावलंबी व्हा’ असे सांगणे हा निर्दयपणा आहे.

पैशाशिवाय

ज्यांच्या वहीत खरोखर काही उरत नाही त्यांना वेळ देता येतो, आणि ज्यांच्याकडे भरपूर उरते त्यांनीही तो द्यावा. पैसे देऊन माणूस टाळण्याची सोय श्रीमंताला फार लवकर सापडते. आठवड्याला दोन तास, ठरलेला वार, ठरलेले काम: एखाद्या मुलाचा अभ्यास घेणे, वृद्धाची बँकेची आणि सरकारी कागदपत्रे भरून देणे, आजाऱ्याजवळ बसून घरच्यांना बाहेर जाऊ देणे. अशक्त माणसाला भेटायला गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत उठा. सल्ले देऊ नका, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी सांगू नका. प्रार्थना करायची तर आधी विचारा आणि ती छोटी ठेवा. जेवायला बोलावताना लूक १४:१२-१४ प्रमाणे, जे उलट बोलावू शकत नाहीत त्यांनाही बोलवा. महिन्यातून एक वेळ ठरवली तरी वर्षाला बारा घरे होतात.

घ्यायलाही शिकावे लागते. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्यातून तुमची (२ करिंथ ८:१४). जो कधीच कोणाकडून काही घेत नाही त्याच्या देण्यात वरचढपणा डोकावू लागतो आणि घेणाऱ्यांना तो आधी जाणवतो.

ज्यांना देता त्यांना तपासा

यरुशलेमेसाठी गोळा झालेली रक्कम पौलाने एकट्याने हाताळली नाही. आपला सहकारी तीत आणि मंडळ्यांनी निवडलेले भाऊ सोबत घेतले, ‘कोणी आम्हांला दोष लावू नये म्हणून’, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे मान्य ते आम्ही योजतो असे लिहिले (२ करिंथ ८:२०-२१). त्यामुळे हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास, असे कोणी म्हणाले तर त्याला हा अध्याय दाखवा.

मंडळीत वा संस्थेत पाहायच्या गोष्टी अशा. अर्पण मोजताना एकमेकांच्या नात्यात नसलेल्या किमान दोन व्यक्ती असतात का? मोजलेला आकडा त्याच वेळी लिहून दोघांच्या सह्या होतात का? वर्षाचा जमाखर्च सभासदांपुढे येतो का, आणि तो बाहेरच्या कोणी तपासलेला असतो का? पावती मिळते का? पैसे संस्थेच्या खात्यात जातात की पुढाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे असेल तर बाकीचे विचारायची गरज नाही.

अमुक रकमेचे ‘बीज’ पेरा म्हणजे आजार जाईल, आजच्या आज दिले नाही तर आशीर्वाद हुकेल, औषधाचे पैसे अर्पणात टाका, असे सांगणाऱ्यांपासून लांब राहा. भीती घालून काढलेला पैसा ‘दुःखी मनाने नव्हे, भाग पडते म्हणून नव्हे’ (२ करिंथ ९:७) या ओळीत बसत नाही. अशा ठिकाणी द्यायला नकार देणे हे पाप नाही.

वाटपात अन्याय होतो आहे असे दिसले तर प्रेषितांची कृत्ये ६ वाचा. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, सात जण निवडायला सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटप सोपवले असावे, असे यावरून वाटते. आजच्या समित्यांना हे अजून तितकेसे जमलेले नाही.

कुठे फसते

हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने शेत विकून आलेल्या पैशातले थोडे मागे ठेवले, हा त्यांचा दोष नव्हता. शेत तुझेच होते, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, असे पेत्राने सांगितले (प्रेषित ५:४). थोडे देऊन सगळे दिल्याचा आव आणला, तिथे ते घसरले. दानाच्या आकड्याबद्दल खोटे बोलण्यापेक्षा कमी द्या.

दुसरी फसगत ‘कुर्बान’ची: देवाला अर्पण केले आहे असे सांगून आईबापांना टाळणे. येशूने ती जाहीरपणे झोडपली (मार्क ७:९-१३). मंडळीत मोठे अर्पण आणि घरी म्हातारी आई औषधावाचून, असे असेल तर क्रम बदला. घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, हे शब्द १ तीमथ्य ५:८ मधले आहेत.

तिसरी जरा सूक्ष्म आहे. दिल्यावर घेणाऱ्याने उपासनेला यावे, आपले ऐकावे, निदान आभार तरी मानावेत अशी अपेक्षा मनात राहते. ती आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी: ते आले नाहीत तेव्हा तुम्हांला राग आला का? आला तर पुढचे काही महिने त्या घराला नाव न सांगता, मंडळीच्या सेवकांमार्फत द्या.

वर्षातून एकदा

वर्ष संपताना वही घेऊन बसा. ठरवलेला टक्का आणि प्रत्यक्ष दिलेला टक्का यांत किती फरक पडला? कोणत्या महिन्यात चुकले आणि का? ज्या घराला मदत केली ते आज कसे आहे, आणि हे तुम्हांला माहीत आहे का? माहीत नसेल तर पुढच्या वर्षी घरे कमी करा आणि भेटी वाढवा. मग नवा टक्का ठरवा.

उत्पन्न घटले तर रक्कम घटवा, टक्का तोच ठेवा. ‘ज्याच्याजवळ जसे असेल त्याप्रमाणे ते मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे’ (२ करिंथ ८:१२). तुमच्या मदतीवर जे अवलंबून आहेत त्यांना किमान महिनाभर आधी सांगा, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघता येईल. मध्येच काही महिने चुकले असतील तर ती थकबाकी डोक्यावर घेऊन बसू नका. पुढचे पैसे ज्या दिवशी येतील त्या दिवसापासून ठरलेल्या टक्क्याने पुन्हा सुरू करा.